कानाला लागलेलं वारं

॥ श्री ॥

गेर्लिंगेन, १८ एप्रिल २००६

ती. बाबा व ती. सौ. आई यांना अहिल्याचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि मेतकूट, दोन्ही सुखरूप पोचलं. मेतकुटाची पिशवी कस्टमवाल्यांनी फोडून हुंगलेली दिसते. आई, तुमच्या कानामुळे फोनवर आपलं धड बोलणं होत नाही, आणि बाबाच मधून सगळं सांगतात. त्यापेक्षा हे पत्रच बरं.

बातमी अशी की हृषिकेशला मे महिन्यात तीन आठवड्यांचा उर्लाउब, म्हणजे रजा, मिळाला आहे. गाडीनं दक्षिणेला जायचं ठरतंय: स्वित्झर्लंडमधून खाली इटली, समुद्राच्या कडेकडेनं फ्रान्स, आणि शेवटी बार्सिलोना. लग्नाला साडेतीन वर्षं झाली, पण एवढं लांब असे आम्ही दोघं कधी गेलो नाही. सगळं सावकाश करायचं म्हणे. सावकाश म्हणजे तुमच्या मुलाच्या पद्धतीनं! त्यानं कॉम्प्युटरवर तक्ता केला आहे. किती वाजता निघायचं, कुठे किती मिनिटं रमायचं, सगळं त्यात आहे. मी विचारलं की मधेच शू लागली तर ती कुठल्या रकान्यात भरायची, तर केवढा चिडला.

नकाशा वाचायचं काम माझ्याकडे आहे. दर रविवारी सराव चालतो. वळण चुकलं की टपली. गेल्या रविवारी अख्खा अ‍ॅटलासच कपाळावर बसला. चांगला जाडजूड आहे, जर्मन बांधणीचा. टेंगूळ आता उतरलं.

या आठवड्यात जिना झाडायची पाळी आमची. इथे त्याला केअरवोखं म्हणतात, आणि दारावर तशी पाटीच अडकवतात. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ हेबर्लेबाई पायरी न् पायरी तपासतात. हल्ली जिन्यात भेटल्या की पायऱ्या सोडून माझ्याच तोंडाकडे निरखून बघतात.

नेहमीसारखी हृषिकेशसाठी खाली दोन ओळींची जागा ठेवते. लोभ आहे तो वाढत राहावा.

आपली,
अहिल्या

*आई-बाबा, नमस्कार. तुमच्या सुनेला डावं-उजवं कळत नाही. शिकवतोय. पंधरा दिवसांत तयार करतो. — हृषी*

॥ श्री ॥

पुणे, २७ एप्रिल २००६

चि. सौ. अहिल्या व चि. हृषिकेश यांना अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या सहलीचा बेत वाचून मी हृषीचा शाळेतला नकाशांचा भूगोल माळ्यावरून काढला. बार्सिलोना सापडलं, पण तुमचं गेर्लिंगेन त्यात नाही. स्टुटगार्टपाशी पेन्सिलीनं टिंब केलं आहे. तुम्ही निघालात की रोज बोट पुढे सरकवीन.

गाडीत खायचं हाताशी ठेव. हृषीला भूक निघत नाही आणि भुकेला झाला की त्याचा तोल जातो. राजगिऱ्याच्या वड्या पाठवते आहे. आणि अहिल्या, तो रागावला तर त्या वेळी उलट बोलू नये. शू आणि रकान्याचं वाचून मला हसू आलं, पण अशी थट्टा त्याला सोसत नाही. थोडा वेळ गप्प बसावं, वादळ निघून जातं. मी चाळीस वर्षं हेच केलं आणि संसार झाला. टपलीचं तू हसून लिहिलंस म्हणून मीही हसूनच वाचलं. टेंगळाला बर्फ लावत जा.

तुमच्या गावची सुलेखा सुट्टीवर आली आहे, तिचं माहेर आपल्याच गल्लीत ना. जूनच्या सुरुवातीला परत निघेल. काही हवं असेल तर कळव.

खाली ह्यांच्यासाठी जागा सोडते. दोघांनी एकमेकांना सांभाळा.

तुमची,
आई

*सूनबाईंस आशीर्वाद. गाडी चालवणाऱ्याचं चित्त विचलित होईल असं वर्तन करू नये. हृषी, शिस्त सुरुवातीलाच लावलेली बरी असते. — पद्माकर*

॥ श्री ॥

आर्ल, दक्षिण फ्रान्स, २२ मे २००६

ती. बाबा व ती. सौ. आई यांना शि. सा. न. वि. वि.

आई, तुमचं बोट आता आर्लवर आणा, म्हणजे फ्रान्सच्या खालच्या टोकाशी. इथे आम्ही थोडे जास्त दिवस थांबलो आहोत. बार्सिलोना बहुधा होणार नाही.

इटलीत तळी पाहिली. जिनोआजवळ तर बोगद्यामागून बोगदे, मधेच डोळे दिपवणारा समुद्र, की पुन्हा बोगदा. सुंदर आहे सगळं. माझ्या डाव्या कानात मात्र चार दिवस शीळ वाजते आहे. डोंगरात गाडीची काच उघडी होती, त्यामुळे वारं लागलं. हॉटेलच्या मालकीणबाईंनी कापूस दिला. मी खोलीतच असते. हृषिकेश एकटा जाऊन इथलं रोमन लोकांचं जुनं मैदान पाहून आला. येताना माझ्यासाठी जर्दाळू आणले. फार प्रेमानं वागतो आहे. काल माझे पाय चेपून दिले आणि खूप रडला.

मालकीणबाई मला खोलीतही काळा चष्मा लावलेला बघतात. ऊन सोसत नाही असं सांगितलं आहे.

वड्या संपल्या. जागा ठेवते आहे. माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नका.

आपली,
अहिल्या

*आई, काळजी नको. तुझ्यासारखंच हिच्याही कानाला घाटातलं वारं लागलंय. काच उघडी ठेवायची हौस! — हृषी*

पुणे, २ जून २००६

चि. सौ. अहिल्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र मी सुलेखाच्या हाती देते आहे. तिच्या घरी बसूनच वाच आणि तिथेच ठेव. खाली ह्यांच्या ओळी नाहीत, कारण मी पत्र लिहिल्याचं ह्यांना ठाऊक नाही.

हृषीच्या दोन ओळी मी दिवसभरात कितीदा वाचल्या असतील. माझ्या कानाला वारं लागलेलं नाही, अहिल्या. त्र्याहत्तर साली कोकणात जाताना कशेडी घाटात ह्यांनी मला कानशिलात मारली, तेव्हापासून तो कान बंद आहे; दुसरा आता वयानं मंदावला. वाऱ्याची गोष्ट मी रचली. सासरी, माहेरी, डॉक्टरला, सगळ्यांना तीच सांगितली. इतकी वर्षं सांगून ती इतकी पक्की झाली की ह्यांनाही आता खरी वाटते.

तुला कोणी मारलं का, असं मी विचारत नाही. कान कधीपासून बंद आहे तेवढं मला सांग आणि चांगल्या डॉक्टरला दाखव. मी सहा महिने तेल घालत बसले. तेल घालून काय होणार होतं!

गेल्या पत्रात गप्प बसावं असं लिहिलं, ते मी मागे घेते. मला लाज वाटते त्याची.

तुझी,
आई

गेर्लिंगेन, १२ जून २००६

ती. सौ. आई, शि. सा. न.

हे फक्त तुम्हाला. सुलेखाच्या पत्त्यावरून तिच्या आईकडे येईल, तिथून घ्या.

तुम्ही विचारलंत, म्हणून सगळं लिहिते. जिनोआच्या टोलनाक्यावर मी चुकीची रांग सांगितली. तिथे रोख पैसे चालत नव्हते. फाटक उघडेना आणि मागे भोंगे वाजायला लागले. हृषिकेशनं स्टिअरिंगवरचा हात काढून माझ्या कानशिलावर मारला, आणि मी ओरडले म्हणून पुन्हा तिथेच मारला. पुढच्या बोगद्यात शिरल्यावर लक्षात आलं, गाडीचा आवाज एकाच बाजूनं येत होता. आर्लला मी डॉक्टरकडे जायचं म्हटलं, तर केस धरून माझं तोंड बेसिनवर आपटलं. डोळा पुरता मिटला होता. काळा चष्मा त्यासाठी. वाऱ्याचं त्यानंच सुचवलं. आईचंही असंच झालं होतं, ती लगेच समजेल, असं म्हणाला.

मार पहिल्या वर्षापासूनच आहे. मी तुम्हाला विनोद करून लिहीत होते, कारण दुसरं काही लिहिलेलं त्याच्या नजरेतून सुटलं नसतं.

आठ तारखेला सुलेखाकडे तुमचं पत्र वाचलं. घरी आले आणि जेवणाच्या टेबलावर तुम्हाला उत्तर लिहायला बसले, अगदी साधं, ख्यालीखुशालीचं. पण पान काठापर्यंत भरलं. मुद्दाम भरलं. तो आला आणि त्याची जागा कुठे आहे म्हणून विचारलं. मी सांगितलं, पत्र माझं आहे, यात त्याची जागा नाही. आई, मला फार भीती वाटत होती, पण तेवढं म्हणून टाकलं.

त्यानं पत्र फाडलं आणि तुकडे माझ्या तोंडात कोंबले. खुर्चीसकट पाडलं, लाथा घातल्या. डाव्या मनगटावर पाय दिला तेव्हा कडकन आवाज झाला. मी कशीबशी दार उघडून जिन्यात आले. तो मागून आला आणि केस धरले. त्या आठवड्यात पाळी फ्राऊ हेबर्लेबाईंची होती. झाडू घेऊन त्या मधल्याच पायरीवर उभ्या होत्या. वय बहात्तर. त्यांनी झाडू आमच्या दोघांच्या मधे आडवा घातला आणि असा आरडाओरडा केला की वरचे-खालचे सगळे बाहेर आले. पोलिसही त्यांनीच बोलावले.

पोलीस आले. एक बाई, एक पुरुष. बाईंनी सांगितलं, सामान भरा. मी आत जाऊन एका हातानं माझी बॅग भरायला लागले. दोन साड्या, पासपोर्ट, तुमची पत्रं. त्यांनी येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की तुम्ही नाही, ते जाणार. इथे कायदाच आहे, मारणारा घर सोडतो. त्यांनी हृषिकेशकडून किल्ल्या मागून घेतल्या आणि टेबलावर माझ्यापुढे ठेवल्या. मी किती तरी वेळ त्या किल्ल्यांकडे बघत बसले.

कानाचा पडदा फाटला आहे. आपोआप भरून येईल, नाहीतर ऑपरेशन करावं लागेल. हात प्लॅस्टरमध्ये आहे. मला वाटायचं, तो नसेल तर मला या देशात राहता येणार नाही. पोलिसांनी ज्यांच्याकडे पाठवलं त्या सल्ला देणाऱ्या बाई म्हणाल्या की इतकी वर्षं इथे झाल्यावर तसं काही नाही.

तो सहकाऱ्याकडे राहतो आहे. त्यानं निरोप पाठवला की तक्रार मागे घे, आई स्वतः तुला तसं लिहिणार आहे. आई, त्याच्या हाताची वाटली नाही एवढी भीती मला तुमच्या त्या पत्राची वाटते आहे. माझे आई-वडील नाहीत. आई म्हणून लिहायला तुम्हीच आहात. तुम्ही मागे घे म्हणालात तर मी घेईन, आणि मग तो परत येईल.

बाहेर फुटबॉलचे झेंडे लावून गाड्या भोंगे वाजवत फिरताहेत. भोंगा वाजला की मी अजून दचकते. उत्तराची वाट पाहते.

तुमची,
अहिल्या

पुणे, २२ जून २००६

चि. अहिल्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

सौ. मुद्दाम लिहिलेलं नाही. ते लावायचं की नाही हे तू ठरवायचं.

हृषीचा ह्यांना फोन आला. तू जिन्यावरून पडलीस, शेजारीण वेडसर आहे, वगैरे. तेव्हापासून घरात एकच घोषा चालू आहे. आज ह्यांनी माझ्यापुढे कागद ठेवला आणि तुला 'तक्रार मागे घे' म्हणून लिहायचा मजकूर सांगायला बसले. मी खुर्ची फिरवली आणि तो बंद डावा कान त्यांच्याकडे केला. ते सांगताहेत, आणि मी हे लिहिते आहे. त्यांचे हातवारे तेवढे दिसतात.

कशेडीचं अर्धंच लिहिलं होतं. गाडीचं चाक पंक्चर झालं होतं आणि पान्ह्याची पिशवी मी घरी विसरले होते. रस्त्याच्या कडेला उभं करून ह्यांनी मला मारलं. कानातून रक्त आलं ते मी पदरानं पुसलं. हृषी तेव्हा पाच वर्षांचा, मागच्या काचेला नाक लावून बघत होता. मी गाडीत बसल्यावर त्यानं विचारलं, बाबांनी मारलं का. मी त्याला जवळ घेतलं आणि सांगितलं की छे रे, घाटात वारं फार आहे, कानाला वारं लागलं. त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं मी त्याला खोटं आहे म्हणून सांगितलं. तो गप्प झाला. शहाणा मुलगा म्हणून मी त्याचा पापा घेतला.

मारायला मी त्याला शिकवलं नाही. मारल्यावर काय सांगायचं, ते मात्र माझ्याकडून शिकला. हात त्याचा आहे आणि त्याची शिक्षा त्यानंच भोगायची. पण ती वाऱ्याची गोष्ट माझी आहे. आज ती मी परत घेते. हृषीलाही तेच लिहून सकाळी पोस्टात टाकलं. तो माझा मुलगा आहे आणि लिहिताना मला रडू आवरलं नाही, हेही तुला सांगते. तरी एक अक्षर बदललं नाही.

तक्रार मागे घेऊ नकोस. कोर्टात दाखवायचं असेल तर हे पत्र दाखव. कोणाकडून जर्मन करून घे. खाली माझी पूर्ण सही करते.

फ्राऊ हेबर्लेबाईंना माझा नमस्कार सांग. त्या घाटात रस्त्यावर ट्रक जात होते, बैलगाड्या जात होत्या. मधे कोणी झाडू घातला नाही.

ह्यांचा मजकूर संपलेला दिसतो. पेनसाठी हात पुढे केला आहे, त्यांच्या दोन ओळी लिहायला. जागा ठेवलेली नाही. कागद मीच त्यांच्या हातात देणार आहे. शेजारची नीलिमा स्वयंपाकघरात बसली आहे, तिला सगळं सांगून ठेवलंय.

लोभ असू दे, असं मागायचा हक्क मला उरलाय का, माहीत नाही. माझा मात्र तुझ्यावर आहे.

तुझी आई,
कुंदा पद्माकर रानडे

ता. क. नीलिमाकडून दुसरा कागद घेऊन लिहिते. ह्यांनी उभ्यानं वाचलं. मग पाण्याचा तांब्या भिरकावला, तो भिंतीवर आपटला, आणि हात उगारला. नीलिमा धावत येऊन मधे उभी राहिली. मी दार सताड उघडलं आणि तुझं वाक्य म्हटलं, मारणारा घर सोडतो. बहिऱ्या माणसाला आपल्या आवाजाचा अंदाज नसतो, त्यामुळे तिन्ही मजल्यांनी ऐकलं. सगळी दारं उघडली. हे चपला घालून खाली गेले, आणि आता गेटजवळच्या बाकावर बसले आहेत. खिडकीतून दिसतात. मी दाराला आतून कडी लावली आहे. अजून काढलेली नाही.