शेहेचाळीस तास

अकरा तारीख, मंगळवार
दुपारी, भांडी आवरून

भिंगरे,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहून शाई कशाला घालवू. तब्येत बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तुझ्या बापाच्या जन्मापासून कुरकुरतोय. तुझा बाप मजेत आहे, म्हणजे ऑफिसला शिव्या घालत वेळेवर जातो. आईने तुझ्या खोलीचे पडदे बदलले. तुझी गिटार कपाटावरच आहे. तिच्यावर मी घडी केलेले टॉवेल ठेवते, हरकत नसावी.

हे फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तुझं तोंड दिसतं आणि माझी जीभ आखडते. शिवाय तू "हो आजी, हो आजी" करत भलतीकडे बघत असतेस. पत्र वाचताना निदान कागदाकडे बघशील.

तुझा निरोप मिळाला. तिथे परदेशात, तुझ्या कॉलेजात मोठी शिष्यवृत्ती आहे, समाजाचं काम केलेल्या मुलांना मिळते, शेवटच्या चौघांत तुझं नाव आहे. आता त्यांना, तू म्हाताऱ्यांचा अक्षरांचा वर्ग घ्यायचीस, त्यात शिकलेल्या एका बाईचं पत्र हवंय, तिच्या स्वतःच्या हातचं. दोन ओळी पुरे. तू म्हणालीस, "आजी, इस्त्रीवाल्या मावशींकडून घे ना, फोटोत त्याच पुढे आहेत."

घेते म्हणाले. त्याला आठ दिवस झाले. तू तीनदा विचारलंस आणि मी तीनदा म्हटलं, ती कामात आहे.

आधी दुसरं लिहिते. तुझ्या त्या प्रवेशवाल्या बाई, पैसे घेऊन परदेशी कॉलेजांचे अर्ज भरून देणाऱ्या, मला आठवतात. आपल्या सोफ्यावर बसून म्हणाल्या होत्या, "मार्क काय, सगळ्यांनाच असतात. मुलीने वेगळं काय केलं ते दाखवा." पोहणं झालं, वादविवाद झाला, गिटार तीन महिने झाली, झाडं लावून झाली. बाई प्रत्येकाला नाक मुरडायच्या. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. मी अंगठा उठवून गॅसवाल्याची पावती घेत होते. बाईंचे डोळे असे चमकले की मला वाटलं माझ्या अंगावर पाल पडली. "आजींना लिहिता येत नाही?" म्हणाल्या. आयुष्यभर शर्टांना काज-बटणं केली, कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी माझं अडाणीपण घरात पहिल्यांदा कामाला आलं.

जिन्याखालची सायकलींची खोली, जुन्या कपाटाच्या दाराचा फळा, रविवारी दहा ते बारा. आम्ही पाच म्हाताऱ्या. मी टोमणे मारते म्हणून मी खोटं बोलत नाही: तू चांगली शिकवायचीस. हात धरून गिरवून घ्यायचीस. कधी आवाज चढवला नाहीस. इस्त्रीवाली तुला मास्तरीणबाई म्हणायची, ते चेष्टेने नव्हे.

फोटोच्या दिवशी तू म्हणालीस, "मावशी, जरा जुने कपडे घालून या." ती आली ती कडक इस्त्रीचे घालून. तू हिरमुसलीस. ती म्हणाली, "चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या सुरकुत्या मोडल्या, फोटोत माझ्या कशाला?" सगळ्या हसलो. तूही हसलीस. चांगला आला तो फोटो.

ती शिकायला का आली ते तुला ठाऊक नाही, तू विचारलं नव्हतंस. तिची एक मुलगी आहे. नऊ वर्षांपूर्वी आईच्या मनाविरुद्ध संसार मांडला. नंतर एकदा भेटायला आली, तर हिने तिच्या तोंडावर दार लावलं. पुढे हिला पश्चात्ताप झाला. फोन करायची, पण आवाज ऐकला की मुलगी फोन ठेवून द्यायची. इस्त्रीवाली मला म्हणाली, "फोन ठेवता येतो गं. पत्र घरात गेलं की एक दिवस तरी उघडेल. आणि दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलं तर म्हणेल, दुसऱ्याचे शब्द आहेत." म्हणून ती पासष्टाव्या वर्षी सायकलींत बसून क गिरवत होती.

तेवीस रविवार झाले. अर्जाची तारीख आली, आणि कागदावर एकशेवीस तास हवे होते. अक्षरं मला तू शिकवलीस, पण आकडे मला आधीपासून येतात. दिवसाला किती काजं झाली ते बोटांवर मोजलंय मी. तेवीस दुणे शेहेचाळीस. तू कागद पुढे केलास आणि म्हणालीस, "आजी, फक्त सही. उरलेले नंतर घेणारच आहे मी."

मी केली. ती माझी चूक, तुझ्या माथी मारत नाही.

पण बाकीच्या चौघींच्या सह्या मी कशा घेऊन दिल्या, हे तुला सांगायचं राहिलं. कागद इंग्रजीत, त्यांना काय कळणार. इस्त्रीवालीने विचारलं, "हे काय आहे?" मी म्हटलं, "तू शिकतेस त्याची नोंद. सही केलीस की पोरगी पुढचं शिकवील." ती आनंदाने बसली. जीभ दातांत धरून, एकेक अक्षर, पाच मिनिटं लागली. मग शाई न लागलेला अंगठा वर करून सगळ्यांना दाखवला. जन्मात तिने स्वतःच्या हाताने केलेली ती पहिली सही. खोट्या कागदावर, माझ्या सांगण्यावरून.

तुझा प्रवेश झाला. मग मैत्रिणी, खरेदी, निरोपाच्या पार्ट्या. वयच आहे ते. ती मात्र दर रविवारी दहाला वही घेऊन खाली यायची, पालथ्या बादलीवर बसायची. मी जाऊन सांगायचे, पोरीला ताप आहे. दुसऱ्या रविवारी म्हणाली, "तापातल्या पोरीचे नाचायचे कपडे इस्त्रीला येतात होय गं?" तिसऱ्या रविवारी तुझे प्रवासाचे कपडे आले, तेव्हा तिने विचारणंच सोडलं. ते सगळे तिनेच घड्या घालून दिले. कॉलरी बघ, अजून बसलेल्या असतील.

मी घरी रोज गिरवून पुढे गेले होते, म्हणून तू गेल्यावर मी म्हटलं, मीच शिकवते. दोन रविवार बसले. तुला माहीत आहे माझं तोंड. तिसऱ्यांदा तीच चूक केली तेव्हा ओरडले, "डोक्यात काय जुन्या इस्त्रीतले कोळसे भरलेत का?" तिने वही मिटली. म्हणाली, "मास्तरीणबाई कधी ओरडली नाही." आणि पुन्हा कधी आली नाही. जिन्यात भेटलो की मान हलवायचो. मी माफी मागायला हवी होती. आज मागू, उद्या मागू करत राहिले.

भिंगरे, ती गेली. चार महिने झाले. तुझ्या परीक्षा होत्या, बाप म्हणाला सांगू नको, आणि मला ते सोयीचं पडलं. छाती दुखली म्हणे. आधी इस्त्रीचं बटण बंद केलं, मग खाली बसली. टेबलावरचा शर्ट जळला नाही. समोरच्या शिंप्याने पाहिलं, मला हाक मारली. मी पोचले तेव्हा काही उरलं नव्हतं.

टेबलाखालच्या फळीवर तिची वही होती. मी ती माझ्या पिशवीत घातली.

संध्याकाळी मुलगी आली. दारात उभी राहिली, आईसारखीच, खांदा एका बाजूला पाडून. सगळं उरकल्यावर मला म्हणाली, "मावशी, तुम्ही तिच्या मैत्रीण. माझ्याबद्दल काही बोलायची का?"

मी म्हटलं, "नाही गं. कामात असायची."

वही माझ्या मांडीवरच्या पिशवीत होती. दिली असती तर तिने विचारलं असतं, हे अर्धंच का आहे. मग मला सांगावं लागलं असतं. तुला वाचवत होते असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मी मला वाचवत होते.

तिच्या वहीत तुझ्या धड्यांनंतर सात पानं आहेत. प्रत्येकावर वर लिहिलंय, "पोरी". एकावर तेवढंच. एकावर "पोरी मी तुला". सातव्यावर सगळ्यांत लांब मजल मारलीय. "पोरी त्या दिवशी मी दार लावल ते". पुढे काही नाही. चौऱ्याहत्तर तास शिल्लक होते, त्यातले दोन पुरले असते.

तुझ्या निरोपानंतर मी तुझ्यासाठी बसले होते, हेही सांगते. तिचं अक्षर मला येतं. "ह्या वर्गाने माझं आयुष्य बदललं," अशी ओळ लिहिली. हुबेहूब. तिची वेलांटी डावीकडे पडायची, तशी पाडली. मग तो कागद चुलीला दाखवला.

म्हणून इस्त्रीवालीचं पत्र मिळणार नाही. त्या लोकांना काय सांगायचं ते तुझं तू ठरव. खरं सांगितलंस तर शिष्यवृत्ती जाईल, कदाचित आणखीही काही जाईल. तुझा बाप माझ्याशी बोलायचा नाही. न सांगितलंस तर मी कुठे चहाडी करायला जात नाही. पण मला पुन्हा सही मागू नकोस.

मुलीचा पत्ता वहीच्या पुठ्ठ्यावर आहे, तिनेच उतरवून ठेवलेला. उद्या सकाळच्या बसने जाते. दार लावलं तर पायरीवर बसेन. वही दिल्यावर काय बोलायचं ते ठरलेलं नाही. शेहेचाळीसपासून सुरू करीन.

अंगात गरम कपडे घालत जा. कॉलरी सांभाळ.

खाली सही करते आहे, तूच शिकवलेली. ह्या खेपेला वर जे लिहिलंय ते खरं आहे.

तुझी आजी