अठरा किलोची राजनंदिनी

।। श्री भैरवनाथ प्रसन्न ।।

वडीलधारे व्याही पुंजाराम आबा यांच्या चरणी श्रीमंतचा दंडवत, आणि घरातल्या लहानथोरांना आमच्या घराचा रामराम.

आपली प्रकृती ठणठणीत असणार असे धरून चालतो, कारण दहा-बारा दिवसांमागे फोनवर आपला आवाज ऐकून आमच्या दारातले कुत्रे उठून बसले. विहीणबाईंचे गुडघे कसे आहेत? (इकडच्या विहीणबाईंचेही तसेच आहेत असे त्यांना सांगा, तेवढाच त्यांना आराम पडेल.) फोन असताना पत्र कशाला, असे आपल्याला वाटेल. पण आबा, फोनवर आपण बोलता आणि मी ‘व्हय व्हय’ म्हणतो. त्याच ‘व्हय व्हय’मध्ये येत्या रविवारी श्रावण लागायच्या आत आपण आठ माणसे घेऊन आखाडाला येणार, आणि बोकड आमच्या दारचाच कापायचा, असे ठरूनही गेले. मला मध्ये एक शब्द घालायचा होता, पण फट सापडली नाही. कागदाला ती अडचण नाही. आमचा हर्षल, म्हणजे आपले जावई, उद्या बियाणे घ्यायला कर्जतला येतोय, त्याच्या हाती हे पत्र देतो.

बोकड भरला का, असे आपण विचारले होते. भरला. चौदा किलो. हे अंदाजाने सांगत नाही, काट्यावर घालून सांगतो. आता घरच्या बोकडाला काट्यावर घालायची वेळ का आली, तेच सांगायचे आहे. आधीच लिहून टाकतो, म्हणजे आपला जीव वर-खाली होणार नाही: आपली नात राजनंदिनी मध्यंतरी आजारी होती आणि आता चांगली बरी आहे. हे लिहितोय तेव्हा ती माझ्या चपला हौदात टाकते आहे.

झाले असे. पोरीला ताप भरला, घास गिळेना, पाणीही गिळेना. मोनिका घाबरली (आपली लेक आहे, पण घाबरण्यात ती आपल्यावर गेलेली नाही, तिला आवाज न करता घाबरता येते). बाजारच्या गावात मेहरीन डॉक्टर म्हणून नवीन बाई आल्या आहेत, त्यांच्याकडे तिला नेली. त्यांनी घशात बॅटरी मारून पाहिले आणि म्हणाल्या, गाठींना पू धरलाय, अँटिबायोटिक द्यावे लागेल. मग विचारले, आधी कुठल्या औषधाने अंगावर पुरळ आले होते का? नाही म्हणालो. त्या दिवशी त्यांच्या प्रश्नांना आम्ही दिलेले हे एकच धड उत्तर. पुढचा प्रश्न होता, वजन किती?

दवाखान्यात काटा होता. पण आपली नात त्यावर उभी राहीना. उभी केली की पाय वर घेऊन माझ्या गळ्याला लोंबकळायची. काट्यावर कधी चार किलो, कधी नऊ, एकदा तर शून्याच्याही खाली. तेव्हा मोनिका ताठ मानेने म्हणाली, ‘‘अठरा किलो. माझ्या वडिलांनी तुला केलीय तिची.’’ डॉक्टरीणबाईंनी पोरीकडे पाहिले. त्या म्हणाल्या, चार वर्षांची पोर, मनगट एवढेसे, अठरा वाटत नाही. यावर बाकावर बसलेले सगळे पेशंट एकदम बोलू लागले. एक म्हातारी खोकला आवरून म्हणाली, ‘‘आवं बाई, आमी गूळ खाल्लाय! अठराच हुता. माइकवर सांगितलंय.’’

आबा, ते माइकवर सांगणारे आपणच. आठवते ना? पोर दोन वर्षांची होत आली तरी पाय टाकत नव्हती, तेव्हा आपण भैरवनाथाला बोलला होतात की ही आपल्या पायाने चालू दे, हिच्या भारंभार गूळ वाटीन. यंदा चैत्राच्या जत्रेत तो नवस फेडला. आडतीवरची मोठी तागडी आणली, एका पारड्यात राजनंदिनी, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा, आणि आपण माइक हातात घेऊन ‘‘अठरा किलोऽऽ’’ म्हणालात ते पलीकडच्या वस्तीवर ऐकू गेले. तेव्हापासून गावात पोरीला तिच्या नावाने कोणी ओळखत नाही. (तसेही ते नाव तिच्यापेक्षा जड आहे.) अठरा किलोची पोर म्हणतात. एवढी साक्ष निघाल्यावर डॉक्टरीणबाई तरी काय करणार? त्यांनी अठराच्या हिशेबाने चिठ्ठी लिहिली, पण मोनिकाला बजावले की घरी गेल्यावर नीट वजन करा, मला फोन करा, आणि मगच पहिला डोस द्या.

औषध म्हणजे बाटलीत तळाला पांढरी भुकटी. उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत घालायचे, हलवायचे, आणि सोबतच्या मापानेच द्यायचे. घरी आल्यावर आमच्या मंडळींनी, म्हणजे रोहिणीने, बाटली उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली की एवढ्याशासाठी गाडीखर्च कशाला केला, हर्षलच्या दाढेच्या वेळच्या कॅप्सूल हळदीच्या डब्याशेजारी उरल्यात, अर्धी फोडून मधातून चाटवली असती. मी म्हणालो, अर्धी कशी? हिशेबाने दे. मी सत्तर किलो, पोर अठरा, म्हणजे मोठ्याच्या कॅप्सूलचा चौथा हिस्सा झाला. आबा, गावच्या शाळेत मला त्रैराशिक चांगले जमायचे, आणि आयुष्यात त्याचा पहिल्यांदाच उपयोग होतोय या आनंदात मी आणखी पुढे गेलो. माझाही घसा दोन दिवस खवखवत होता. पोरीला एक माप, तर मला चार मापे. म्हणजे बाटली माझ्या घशाला आणि कॅप्सूल पोरीला, असेही भागत होते.

मोनिकाने सरळ डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि माझ्या कानाला धरला. त्या बाई शांतपणे बोलतात, म्हणून जास्त लागते. त्या म्हणाल्या, मोठ्याचा डोस भागून लहानाचा होत नाही आणि लहानाचा गुणून मोठ्याचा होत नाही. पोराला वजनावर मोजून देतात, पण त्यालाही वरची हद्द असते. मोठ्या माणसाची गोळी ठरलेली असते, आजार बघून, किडनी बघून. तो सत्तर किलोचा आहे म्हणून त्याला बादलीभर पाजत नाहीत. उरलेल्या कॅप्सूल कोणासाठी होत्या? दाढेसाठी. मग त्या घशात कशाला घालता? आणि तुमची खवखव साध्या सर्दीची असेल, तर तिला अँटिबायोटिक नकोच, गुळण्या करा. मी ‘व्हय व्हय’ म्हणालो. (आबा, आपल्यानंतर एवढ्या वेळा मी त्यांनाच ‘व्हय’ म्हणालोय.) शेवटी त्यांनी विचारले, वजन केले का? मी म्हणालो, बाई, ते देवाच्या दारात झालेय.

हे बोलतोय तेवढ्यात बबड्या आत आला. बबड्या म्हणजे आपणच दिलेल्या शेळीचे करडू, ज्याला आपण बोकड म्हणता. तो सरळ खाटेवर चढला, आणि तापाने पडलेल्या पोरीने डोळे न उघडता त्याला कुशीत ओढून वरून पांघरूण घेतले. ते पाहिले आणि आबा, फोन कानाला तसाच राहिला. मला जत्रेचे पारडे दिसले. पोर तागडीत बसेना म्हणून भोकाड पसरून रडत होती. तेव्हा कोणीतरी महिनाभराच्या बबड्याला तिच्या मांडीवर दिले, आपण वरून नवे उपरणे पांघरले, पोर गप्प झाली, ढोल वाजला, आपण माइक घेतला. आम्ही सगळ्यांनी ते पाहिले होते. लपवाछपवी काही नव्हती. पण देवाच्या कामात वजाबाकी कोण करतो?

मी म्हणालो, ‘‘मोनिका, अठरात हा बी हाय.’’

ती कपाळाला हात लावून बसली. रोहिणीने मात्र माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू पारड्यात मीच बसलो होतो.

मग शेजारच्या वखारीतून कांदा मोजायचा काटा आणला. पोर एकटी बसेना, हे आपण ओळखलेच असेल. दोघांना बसवले. साडेसत्तावीस. मग बबड्याला एकट्याला बसवायचे, तर तो काट्यावरून उतरून गोणी खायला लागला. मी आणि हर्षलने त्याला धरले, तर आमचे हात मोजले जाऊ लागले. अखेर पुढ्यात भाकरी ठेवली तेव्हा महाराज स्थिर झाले. (भाकरी नंतर वेगळी मोजली. आता एका घरात एकच चूक पुरे.) बबड्या चौदा. पोर साडेतेरा. आबा, आपल्या नातीपेक्षा आपला बोकड जड आहे.

डॉक्टरीणबाईंना आकडा कळवला. मोनिकाने खरे कारणही सांगून टाकले. पलीकडून पदरात तोंड घालून हसल्यासारखा आवाज आला. त्यांनी माप कमी करून सांगितले. म्हणाल्या, जास्त डोसने पोरीचे पोट बिघडून तुम्हाला पळवले असते. आणि वजन कमी सांगितले असतेत, तर औषध कमी पडून घसा बराच झाला नसता. दोन्हीकडून मार पोरीलाच. तिसऱ्या दिवशी ताप उतरला तेव्हा रोहिणी म्हणाली, झाली बरी, उरलेले पुढच्या खेपेला ठेवू. मोनिका म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलेत तेवढे दिवस पुरे करायचे, आणि मग उरलेले टाकून द्यायचे. सासूसमोर ती पहिल्यांदाच एवढे बोलली. रोहिणीने डब्याजवळच्या कॅप्सूलही टाकल्या, पण अशा आवाजात की आळीला कळावे.

मी देवळात गेलो आणि भैरवनाथासमोर बसून विचार केला. त्याला चार-साडेचार किलो गूळ जास्तीचा गेला, त्याने कधी चूक काढली नाही. देव घेताना हिशेब विचारत नाही, म्हणून आपण त्याच्यापुढे मोकळे असतो. औषधाचे तसे नाही. त्याला आपली श्रद्धा चालत नाही आणि आपला माइकही चालत नाही. एवढे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

बाकी सर्व क्षेम. विहीणबाईंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
श्रीमंत

ता.क. औषध फार कडू होते, हे लिहायचे राहिले. पोर दात घट्ट आवळून बसायची. पहिल्याच मापाला तिने अट घातली, ‘‘बबड्याला कापायचं न्हाई म्हन. नाथाची शपत म्हन.’’ आपला फोन तिने ऐकला होता. (आपला फोन कोण ऐकत नाही?) तेव्हा तिच्या पोटात औषध जाणे जास्त गरजेचे होते, म्हणून मी शपथ घेतली. पुढे दर मापाला तीच शपथ. आता मी नाथाला काय तोंड दाखवू?

ता.क. दुसरा. शिवाय विचार करा, बबड्याच्या भारंभार गूळ भैरवनाथाला गेलाय, सगळ्या गावाने खाल्लाय. तुला झालेला जीव कापता येतो का, याला शास्त्र काय म्हणते मला माहीत नाही, पण माइकवरून जाहीर आपणच केले होते. रविवारी जरूर या. आठ या, दहा या. वांग्याचे भरीत, आमटी आणि बाजरीची भाकरी करू. मटणच हवे असेल तर कर्जतहून आणावे, रोहिणी करून देईल.

ता.क. (अक्षर वेगळे आहे, समजून घ्या.) आबा, मी मोनिका. मामंजी अंघोळीला गेलेत म्हणून लिहिते. पोरीने शपत एकदाच मागितली होती, पहिल्या मापाला. नंतर ती गुमान प्यायली. पुढच्या सगळ्या शपता मामंजींनी आपल्या आपणच घेतल्यात. रोज सकाळी बबड्याला गुळाचा खडा पण तेच देतात, आणि सासूबाईंनी विचारलं तर पोरीचं नाव सांगतात. तुम्ही काही बोलू नका. येताना थोडा गूळ तेवढा आणा, घरातला संपत आलाय.