वेताच्या कारखान्याला वारस मिळेना

मी, रोकायाह, मरहूम तारमिदी यांची बायको, वय सदुसष्ट, धंदा वेताच्या खुर्च्या, राहणार चिरेबोन, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वखुशीने हे लिहून ठेवते. डोकं जागेवर आहे, गुडघे नाहीत. पण मृत्युपत्राला डोकं पुरतं.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक धर्माने ठरवल्याप्रमाणे दोन्ही मुलांची. शिलाई मशीन थोरल्या सुनेला द्यावं. माझ्या चहात ती साखर मोजून घालते, तरी द्यावं.

२. धर्माने एक-तृतीयांश मालमत्ता आपल्या मर्जीने कोणालाही देता येते, कारखाना त्यात बसतो. तो कोणाला, हे सांगण्याआधी कबुली देते. माझे बावीस विणकर जमिनीवर बसून, खुर्चीचा सांगाडा पायांनी दाबून, दिवसभर ओला वेत ओढायचे. सोबिरिन सुतार म्हणाला होता, "बाई, खुर्ची ठेवून विणायला कमरेइतके उंच बाक करून देतो. सहा खुर्च्यांच्या किमतीत सगळं होईल."

मी म्हणाले, "आमचे सासरे जन्मभर जमिनीवरच बसून विणायचे. त्यांचं काय बिघडलं?" सासरे पन्नाशीतच वाकले होते, हे मी सोयीने विसरले.

पाठ धरली की आमच्याकडे म्हणतात, अंगात वारा शिरला. मग तेल लावून नाण्याने पाठ घासायची. लाल पट्टे उठले की वारा गेला. दर गुरुवारी घासायला मी एक बाई ठेवली आणि स्वतःला मोठी दयाळू समजले. पट्टे उठत राहिले, दुखणं जागच्या जागी. माणसं कामावर यायची, पण हात अर्धेच चालायचे. वीण सैल पडली. दोनशे खुर्च्या जहाजातून परत आल्या. जुने विणकर काम सोडून गेले, नव्यांना शिकवण्यात वर्ष गेलं, आणि शिकले तशी त्यांचीही मनगटं गेली. सहा खुर्च्या वाचवायला गेले आणि कारखान्याचा धंदा घालवून बसले.

त्या बावीस जणांत दास्वानसारखी घट्ट वीण कोणाचीच नव्हती. त्याची बोटं आखडली तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हणाले, "याच्या अंगात वारा नाही, आळस शिरलाय." तो नुसता हसला. दुसऱ्या दिवसापासून आला नाही. याची मला फार लाज वाटते.

३. कारखाना त्यालाच द्यायचा ठरवून परवा त्याच्या घरी गेले. बायको त्याला भात भरवत होती.

"बाई, कारखाना घेऊन मी काय करू? तांब्या उचलवत नाही मला."

"मग पोराच्या नावाने घे."

"पोरगं तुमच्याकडेच होतं की. पाठ धरून आत पडलंय."

मी म्हणाले, कारखाना विकून पैसे देते. त्याने पैशातला वाटाही नको म्हटलं.

म्हणून कारखाना विकावा आणि येईल ते त्या बावीसांतल्या उरलेल्या एकवीस जणांत वाटावं. त्याने कोणाची पाठ सरळ होणार नाही, हे मला माहीत आहे.

४. ज्याला वाटा, त्याने साक्ष द्यायची नाही. दास्वानने वाटा घेतला नाही, म्हणून साक्षीला त्यालाच बोलावलं.

चिरेबोन, १४ ऑगस्ट २०१९
सही: रोकायाह

साक्षीदार:
१. सोबिरिन, सुतार. सही.
२. दास्वान, विणकर. लिहिता येतं, पेन धरता येईना. अंगठा घ्यायला मूठ उघडेना. ती मी उघडली.