कपाटामागचा अर्धा बोर्ड

गुरुजी, मागच्या आठवड्यात मी वाशिमच्या एका दवाखान्यात भांडलो. भांडलो म्हणजे आरडाओरडा केला नाही, पण जागचा हललोही नाही. एकाहत्तराव्या वर्षी, भर ओपीडीत, पन्नास माणसांसमोर. घरी आल्यापासून हे कुणाला तरी सांगावंसं वाटतंय आणि पुन्हा पुन्हा तुमचाच चेहरा समोर येतोय, कारण तिथं जे वाक्य मी तीन वेळा म्हटलं, ते माझ्या तोंडी तुम्ही घातलेलं होतं.

आठवतं का तुम्हाला? मेडशीची शाळा, पाचवीचा वर्ग. खिडकीबाहेर तुरीला पिवळी फुलं आलेली आहेत आणि तपासणीला आलेले साहेब खुर्चीवर बसलेत. मी कविता म्हणतो आहे, तुम्ही लावून दिलेल्या चालीत, डोळे मिटून. कविता म्हणताना मी कुठं जायचो ते माझं मलाच कळायचं नाही, अजूनही कळत नाही. साहेब खूश झाले, म्हणाले, ‘समजली का रे?’ मी मान डोलावली. ते गेल्यावर तुम्ही एका शब्दाचा अर्थ विचारलात. मला आला नाही. तुम्ही छडी उचलली नाही, नुसतं म्हणालात, ‘समजलं नाई म्हनाले जीभ झिजते काय तुही? साऱ्या जिंदगीत लोक तुह्यापुढं कागद ठेवतीन आन तू मुंडी हालवत जाशीन.’ तसंच झालं, गुरुजी. सोसायटीत, तलाठ्याकडे, पोराच्या लग्नाच्या बोलणीत, सगळीकडे मी मुंडी हलवत आलो. कविता मात्र पाठ राहिल्या.

तर झालं असं. बायकोच्या अंगावरून या वयात पुन्हा जायला लागलं. ती बरेच दिवस बोललीच नाही. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. आमचा भाजीचा मळा आहे, मेथी, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि मेडशीच्या बाजारात जागा धरून बसायचं काम आयुष्यभर तिचं. दवाखान्यात तपासण्या झाल्या. रिपोर्ट आला त्या दिवशी तिला बाहेर बाकावर बसवलं आणि डॉक्टरांनी मला आणि पोराला आत घेतलं. पिशवीला गाठ आहे, साधी नाही, कॅन्सरची आहे, काढावी लागेल. मग डॉक्टर आवाज खाली आणून म्हणाले, ‘बाईंना एवढं सांगू नका. पिशवीला सूज आहे म्हणा. बायकांचं मन कच्चं असतं.’ पोरानं लगेच हो म्हटलं. आपल्याकडे असंच करतात, तुम्हालाही ठाऊक आहे. ज्याला आजार, त्याला सोडून साऱ्या गावाला ठाऊक असतो. गावातली माणसं भेटायला येतात, खाली मान घालून बसतात, अन् पेशंट त्यांनाच विचारतो की बाबा, तुमाले काय झालं?

बाहेर काउंटरवर कागद तयार होते. पाच पानं, सगळी इंग्रजीत, आणि सही कुठं करायची तिथं पेन्सिलीनं फुल्या मारून ठेवलेल्या. सिस्टर म्हणाली, ‘आजोबा, इथं, इथं आन इथं.’

मी विचारलं, ‘काय लिहेल हाये?’

‘नेहमीचंच हाये. सगळे करतात.’

‘मले समजलं नाई,’ मी म्हणालो.

तिनं पोराकडे पाहिलं. पोरगा चाळिशीचा आहे, भला आहे, पण दवाखान्यात शिरला की त्याचा आवाजच जातो. मला कोपराशी धरून म्हणाला, ‘बाबा, तुमी कायले डोकं लावून राह्यले? डॉक्टर सायेब शिकेल मानूस हाये.’

‘मीबी शिकेल हाओ. मले समजलं नाई.’

‘तुमची कवितेची वही नोहे हे.’

‘म्हनूनच इचारून राह्यलो. कवितेत नाई समजलं तं कोनी मरत नाई.’

तेवढ्यात मला तो बोर्ड दिसला. भिंतीवर, फायलींच्या लोखंडी कपाटाच्या बाजूला. मथळ्यातला ‘जबाबदाऱ्या’ हा शेवटचा शब्द तेवढा दिसत होता आणि खाली यादी: वेळेवर या, थुंकू नका, कर्मचाऱ्यांशी नीट वागा. मथळ्याचा आधीचा अर्धा भाग कपाटामागं. मी भिंतीला गाल लावला आणि फटीतून पाहिलं. रुग्णांचे हक्क. गुरुजी, जबाबदाऱ्या उजेडात आणि हक्क कपाटामागं. कुणी मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही, कपाटाला जागा लागतेच. पण इतकी वर्षं एकाही माणसाला ते कपाट वीतभर सरकवावंसं वाटलं नाही, याचा मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

मी तसाच, मान वाकडी करून, मोठ्यानं वाचायला लागलो. आजार काय आहे ते रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून घेण्याचा हक्क. उपचारातला धोका जाणून घेण्याचा हक्क. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा हक्क. नकार देण्याचा हक्क. वाचता वाचता मला चाल लागली. हसू नका. शब्दच तसे होते, प्रत्येक ओळ एकाच ठेक्यावर येऊन थांबणारी. सिस्टर म्हणाली, ‘आजोबा, बोर्ड वाचाले नसते लावत, नियम असते म्हनून लावतेत.’ पण मागच्या बाकावरून किन्हीराजा गावची एक बाई उठून पुढं आली. म्हणाली, ‘बावाजी, ते दुसऱ्या डॉक्टरवालं अजून एकडाव वाचा नं.’ मी वाचलं. मग दोन माणसांनी कपाट धरून बाजूला सरकवलं.

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. ते रागावतील असं वाटलं होतं, पण माणूस दमलेला होता. म्हणाले, ‘बाबा, तुमचं म्हणणं काय?’ मी म्हणालो, ‘सायेब, मले समजलं नाई, आन जिले समजाले पाह्यजे तिले तं तुमी बाहेर बसवलं.’

तोवर बायको बाकावरून उठून जवळ आली होती. ती माझ्यावरच उखडली. ‘पोट माह्यं, गाठ माह्यी. आन बापलेक आत जाऊन परीक्षा देऊन राह्यले. मले काय मेथीची जुडी समजलं?’ गाठ आहे हे तिनं कधीच ओळखलं होतं. ओळखून गप्प बसली होती, आमचं मन राखायला. आम्ही तिला जपतोय आणि ती आम्हाला, असा तो तमाशा.

डॉक्टरांनी तिला समोरच्या खुर्चीत बसवलं. सांगायच्या आधी त्यांनी फाइल उघडली आणि विचारलं, ‘आधीची कुठली औषधं चालू आहेत?’ पहिल्या दिवशी हाच प्रश्न आला होता आणि मी ‘काही नाही’ असं सांगितलं होतं. खरं म्हणजे गुडघ्यासाठी दोन वर्षांपासून ती पुड्या घेते. बाजारात बसणाऱ्या एका माणसाकडून मीच आणतो. पुडीवर नाव नाही, गाव नाही. डॉक्टर ओरडतील, शिकलेला म्हणून लाज वाटेल, म्हणून मी लपवलं. आपल्याकडे सगळेच लपवतात. आता ती माझ्याकडे बघत बसली. ‘सांगा नं आता सायेबाले,’ म्हणाली, ‘बोर्ड तं लय जोरात वाचला.’

मी सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, ‘बाबा, असल्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळतात, आम्हाला माहीत असतं. हे न कळता मी बाईंना टेबलावर घेतलं असतं, तर भूल देतानाच जीव गेला असता. आता एकदम बंदही करायच्या नाहीत. आधी तपासण्या, मग ऑपरेशन.’ बोर्डाच्या उजव्या बाजूला तेही लिहिलेलं होतं, खरी माहिती देणं ही रुग्णाची आणि नातेवाइकांची जबाबदारी. उघड्यावर होतं, तरी मी ते वाचलं नव्हतं. म्हणून मी हक्कांची बाजू सोडतो असं मात्र समजू नका. खोटं मी बोललो, त्यानं तिचा हक्क कमी होत नाही.

मग डॉक्टरांनी तिला सारं सांगितलं, कॅन्सर या शब्दासकट. ती रडली नाही. तिनं विचारलं, ‘नाई काढली तं?’ मग, ‘काढली तं किती दिसानं जड उचलू?’ आणि मग म्हणाली, ‘कागद वाचून दाखवा. सही मी करते.’ सिस्टरनं पाचही पानं मराठीत सांगितली. बायको दोनदा म्हणाली, हे मले समजलं नाई, आणि सिस्टरनं दोनदा पुन्हा सांगितलं. येत्या सोमवारी ऑपरेशन आहे. ती मळ्यात बसून पोराला सांगते आहे, कुठल्या वाफ्याला कधी पाणी द्यायचं ते. भीती तिला वाटते, मलाही वाटते. पण ती तिची आहे, तिच्यापासून लपवलेली नाही.

पोरगा म्हणतो, बाबा हट्टाला का पेटले कोण जाणे. त्याला मी सांगितलेलं नाही. अकोल्याचा दवाखाना, गुरुजी, माझं लग्न व्हायच्या आधीचा. तुमच्या पलंगाशी मी बसलेलो आहे. तुमच्या मुलानं आम्हा सगळ्यांना गप्प राहायची शपथ घातली होती आणि डॉक्टरांनी त्याच सकाळी मला सांगितलं होतं, चार-पाच दिवस. तुम्ही विचारलंत, ‘कामरगावच्या बहिनीले बलावून घेऊ काय? तू खरं सांग.’ कामरगावहून एसटीनं ती संध्याकाळपर्यंत पोचली असती. मी म्हणालो, ‘कायले तिले तरास देता, आठ दिसात घरी जासान.’ तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात.

ती आली तेव्हा तुम्हाला घरी आणून खाली घेतलेलं होतं. तिनं मलाच विचारलं, ‘त्यानं मले बलावलं नाई काय?’ मी ‘नाही’ म्हणालो. तीही आता नाही. हे पत्र कुठं टाकायचं तेही मला ठाऊक नाही. तुम्ही बोलावलं होतं, गुरुजी, आणि ती शेवटपर्यंत समजत राहिली की भावाला तिची आठवण झाली नाही.