पटल पटलं का?

सोमवार
गुरुवारी मोठ्या बाई माझ्या तासाला मागे बसणार. धडा पेशीपटलाचा. तास रंगला की नोकरी कायम! तीन वर्षांचं ‘हंगामी’ एकदाचं सुटेल. हातचा मळ आहे. संकल्प: पुस्तक उघडायचं नाही, मॉडेल करायचं. मुख्य मुद्दा एकच: पटल म्हणजे भिंत नव्हे, त्यातले स्निग्ध रेणू सतत इकडे-तिकडे सरकतात.

मंगळवार
टेबलटेनिसचे साठ चेंडू आणले. प्रत्येकाला दोन दोऱ्यांच्या शेपट्या. झाले रेणू. ही म्हणाली, पाण्याच्या टबात सोडा की, आपोआप सरकतील. हिला शिवणकामातलं कळतं, पेशीतलं काय कळणार? तरी मन राखायला सोडले. सरकले! कल्पना तशी माझ्याही डोक्यात होतीच.

बुधवार
रंगीत तालीम. पटलात अधूनमधून रुतलेलं प्रथिन म्हणून बटाटा सोडला, तो बुडाला. चेंडू एका बाजूला जाऊन बसले, शेपट्यांचा गुंता. शिस्त म्हणून नाही! बाईंसमोर असलं गबाळं पटल? छे. पाणी ओतून दिलं. सुपरग्लू. दोन थर, शेपट्या आत, सगळं कसं ओळीत. आपटलं तरी हलत नाही. ही म्हणाली, पण ते सरकतं ना? म्हटलं, तोंडी सांगेन. घरात कदरच नाही.

गुरुवार, सकाळी ६.५०
एक चेंडू निसटला होता. चिकटवला. सोबत माझा अंगठाही. किरकोळ बाब. हात मॉडेलखाली धरला की कुणाला कळतंय!

गुरुवार, दुपार
सुरुवात झकास. पटल प्रवाही असतं, असं ठणकावून सांगितलं. पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली, सर, सरकवून दाखवा ना. जोर लावला. टेबल सरकलं. वर्ग खिदळला. आणि मी सवयीने विचारून बसलो, पटल पटलं का? मागून मोठ्या बाई म्हणाल्या, नाही.
शिपाईमामांनी गरम पाण्यात बुडवून अंगठा सोडवला.

शुक्रवार
बाईंनी बोलावलं. मी आणखी वर्षभर हंगामी. मॉडेल मात्र मजबूत आहे म्हणाल्या. ते प्रयोगशाळेच्या कपाटात कायम राहणार.
हिने दारातच विचारलं, झालं का कायम? म्हटलं, झालं. कायम काय झालं, ते सांगायची हिंमतच झाली नाही.
आता ती आनंदाने तिच्या आईला फोन लावते आहे.