दारामागचं कडं

कसबा बावडा, कोल्हापूर
ता. ८ डिसेंबर १९८३

चि. सौ. त्रिशला हिस,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. डोळ्याचं ऑपरेशन ठीक झालं, घोर लावून घेऊ नकोस. तुझी आई गेल्यापासून घर मात्र खायला उठतं. दिवस मावळायच्या आत जेवायची आपली रीत. त्यामुळे संध्याकाळ लवकर आटोपते आणि पुढची रात्र काही केल्या सरत नाही.

वरून विमान गेलं की अजून अंगणात धावतो आणि आवाजावरून नाव सांगतो. ऐकायला कोण? शेजारीपाजारी सगळे साखर कारखान्यातले, त्यांना सगळी विमानं सारखीच. वायुदलाच्या क्वार्टर्समध्ये होतो तेव्हा तू एवढीशी होतीस, पण दोन शेपट्यांचं पॅकेट आणि शेपटीवर बसलेलं डकोटा लांबून ओळखायचीस. व्हॅम्पायर गेलं की शिट्टी वाजवत गेलं म्हणायचीस. त्या गप्पा आता कुणाशी मारायच्या?

एक काम आहे. आमच्या स्क्वाड्रनमधला केरबा हल्ली गारगोटीला असतो, तो परवा येऊन गेला. तुमच्या नागपुरात, विमानतळाकडच्या एका भंगारवाल्याच्या वखारीत त्यानं एक डकोटा पाहिलं. आपलंच हाय की ते, म्हणून हट्टाला पेटला. त्याचं काय, त्याला बाजारात दुसऱ्याची म्हैससुद्धा आपलीच वाटते. तरी तू एकदा जाऊन बघ. आमच्या विमानाच्या नंबरात शेवटी ब्याण्णव होते. तेच असेल तर महाराष्ट्र एक्सप्रेसनं येईन म्हणतो. इतकी वर्षं या हातांनी त्याचा पत्रा न् पत्रा सांभाळला, एकदा हात लावून बघायचा आहे.

जावईबापूंना नमस्कार. पत्राला उशीर लावू नकोस, पोस्टमनची वाट बघणं एवढाच उद्योग उरलाय.

तुझा,
आण्णा


नागपूर
ता. १९ डिसेंबर १९८३

ती. स्व. आण्णांच्या चरणी,
त्रिशलाचा शि. सा. न. वि. वि.

रविवारी वखारीत जाऊन आले. हेही आले होते, नवे बूट घालून. चिखल बघून दारातच थांबले आणि एवढ्या पत्र्याची किती भांडी होतील याचा विचार करत बसले. तुमच्या जावयांना विमानातलं एवढंच कळतं.

आण्णा, ते आपलं नव्हे. नंबर नीट वाचला, शेवटी सत्तेचाळीस आहेत. तेव्हा आत्ताच ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी एवढा प्रवास करू नका. पंख तर आधीच कापून नेलेत, राहिलेलंही या आठवड्यात कापणार आहेत.

आत मात्र चढले. चढ चढत पुढे जावं लागतं ते अगदी तसंच. तेलाचा आणि ताडपत्रीचा तोच वास, तुमच्या कपड्यांना यायचा तो. दारामागे कुणीतरी एक पितळी कडं रिव्हेट मारून बसवलंय, कशासाठी कोण जाणे. वखारवाला म्हणाला, सगळं निघालं पण हे काही निघत नाही. आसामात जोरहाटला आई आणि मी कुंपणाशी उभ्या राहून तुमची वाट बघायचो, ते आठवलं आणि तिथंच बसून राहिले. यांनी हाका मारल्या तेव्हा उठले.

संक्रांतीला तिकडे यायचं मनात होतं, पण यांना रजा मिळेलसं दिसत नाही. रागावू नका. डोळ्यांत औषध वेळेवर घाला.

आपली,
त्रिशला


कसबा बावडा
ता. २७ डिसेंबर १९८३

चि. सौ. त्रिशला हिस,
अ. आ.

ते कडं मी बसवलंय.

माझा गाळलेल्या पाण्याचा तांब्या अडकवायला. मी विमानाबरोबर जायचो तेव्हा घरचंच पाणी न्यायचो, आणि सगळी पोरं हसायची. पुढे एकदा आसामच्या डोंगरात ढगांमुळे अडकून पडलो, तेव्हा त्याच तांब्यातलं पाणी सगळ्यांनी घोटघोट पुरवलं. तुला हे कधी सांगितलंच नव्हतं, नाहीतर तू ते पत्रात लिहिलं नसतंस. सत्तेचाळीस तुझ्या मनचे, हे मला कळलं.

तुझी आईही अशीच. विमान दिवस मावळल्यावर उतरलं की मला रात्रभर उपास. ती म्हणायची, माझं वेळेत झालं जेवण. टोपलीत तिची भाकरी तशीच दिसायची, आणि मी बरं म्हणायचो. ती गेल्यापासून माझ्याशी सगळे खरं तेच बोलतात, डॉक्टरसुद्धा. तुझं खोटं वाचून फार बरं वाटलं. मग रडूही आलं.

एव्हाना ते कापून झालं असेल. पुन्हा तिकडे जाऊ नकोस. त्याला हात लावायचा होता हे खरं. पण तेवढ्यासाठी कुणी एवढा प्रवास करतं का? मला तुझ्याकडे यायचं होतं. लेकीच्या घरी बापानं कामाशिवाय कसं जायचं, म्हणून विमानाचं निमित्त केलं.

आता निमित्त राहिलं नाही. तसाच आलो तर चालेल का, एवढं जावईबापूंना विचारून कळव.

तुझा,
आण्णा