लाल गाडीतली घरघर

मी, पंढरी नवसू भोये, वय वर्षे चौसष्ट, धंदा गाड्यांचे वायरिंग, मूळ गाव साखरशेत, राहणार जव्हार, डोके ठिकाणावर असताना, कोणाच्या धाकाखाली न येता आणि कोणाचे काही न पिता हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. पुढच्या आठवड्यात नाशिकला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजी करू नका. मीही गिऱ्हाइकांना असेच म्हणतो, म्हणून हा कागद. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कुठे सापडलेच तर ते खोटे समजावे.

वकिलांनी थोडक्यात लिहायला सांगितले होते. बाकीचे मी थोडक्यात लिहितो. पण गाडीच्या आणि काशाच्या थाळीच्या कलमांची मला लाज वाटते, आणि लाजेची गोष्ट थोडक्यात लिहिली की ती लपते. म्हणून तेवढे लांबेल.

१. जव्हारचे राहते घर माझा मुलगा नितीन आणि सून करिष्मा या दोघांच्या नावावर करावे. नितीनच्या एकट्याच्या नावावर करू नये. तो माझाच मुलगा आहे, म्हणून सांगतो. माझी बायको पुष्पा गेल्यापासून तिची पेटी माळ्यावर आहे. ती करिष्माने उघडावी, पुरुषांनी उघडू नये.

२. बँकेत जे काही असेल ते आधी दवाखान्याचे आणि उरले तर नितीनचे. उरेल या आशेवर त्याने मोटारसायकल बुक करू नये.

३. दुकान आणि सगळी हत्यारे करिष्माला. दुकानाच्या पुढच्या टेबलावर ती मोबाइल दुरुस्त करते. तिचे झाळकाम, म्हणजे सोल्डरिंग, माझ्यापेक्षा नाजूक आहे. हे माझ्या तोंडून कधी निघाले नाही, निदान कागदावर निघू दे. माझी मोठी झाळायची इस्त्री मोखाड्याच्या बाळ्या मेकॅनिककडे आहे. आज देतो, उद्या देतो करत त्याने ती पचवली. ती आणावी. दुकानाची पाटी 'पी. एन. ऑटो इलेक्ट्रिक' अशी आहे. ती उतरवावी. का, ते पुढे येईल.

४. साखरशेतच्या नाचणीच्या वरकस जमिनीतला माझा वाटा माझी धाकटी बहीण सकू हिला द्यावा. तो तिचाच होता. मी नांगर शेवटचा कधी धरला ते मला आठवत नाही, बैलांना तर नाहीच.

५. आता गाडीचे. नाशिकचे कामत साहेब तरुणपणी जव्हारला बँकेत होते. त्यांच्याकडे साठ वर्षांपूर्वीची विलायती गाडी आहे, लाल, दोन माणसांची, उघड्या टपाची. गेल्या दिवाळीनंतर ते ती घेऊन माझ्याकडे आले. त्यांना तिच्यात गाणी वाजवायचा नवा सेट हवा होता, पण दिसायला जुना. त्यांनी तो मागवूनही आणला होता. दोन्ही बाजूंना गोल बटणे, मध्ये काटा फिरणारी पट्टी, आणि पोटात मात्र पेनड्राइव्ह, मोबाइल सगळे चालणारे. डॅशबोर्डला एकही भोक पाडायचे नाही, दारे कापायची नाहीत, ही अट. बाळ्याने त्यांना सांगितले होते की कापल्याशिवाय बसत नाही. इस्त्री परत आणा म्हणतो ती याच कारणासाठी. असा डॅशबोर्ड कापणाऱ्या माणसाकडे चांगले हत्यार राहू नये.

मी ते काम जीव ओतून केले. जुन्या विलायती गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. आजचा सेट तसाच लावला तर पहिल्या झटक्यात जळतो. मी आधी गाडीची टोके उलटी करून घेतली, डायनामोला नवी दिशा शिकवली, आणि सीटमागच्या जागेत सागाचा खोका करून स्पीकर त्यात बसवले. सेट असा बसला की गाडीबरोबर विलायतेहून आला असावा. मी जाता-येता त्याच्याकडे बघत होतो. माझा गर्व इथपर्यंत खरा होता.

साहेबांनी लावून बघायला एक पेनड्राइव्ह दिला. त्यावर एकच गाणे होते. ते बँकेत असताना आमच्या बाजूच्या कुठल्याशा पाड्यावर एका रात्री त्यांनी टेप केले होते, आणि मुलाने त्याचे पेनड्राइव्हवर करून दिले. गाण्याखाली सारखी घरघर होती. साहेब म्हणाले, कॅसेट जुनी झाली असेल, जाते का बघा. मी म्हणालो, जाईल, वायरिंगमध्ये मला हरवणारा आवाज अजून जन्माला आलेला नाही.

मी अर्थिंग बदलले. वायरी डायनामोपासून लांब नेल्या. इंजिन बंद केले तरी घरघर तशीच, तेव्हा सेट खोलून पाहिला. घरघर गाण्यातलीच आहे का हे कळायला दुसरे काही लावून बघावे तर जव्हारच्या दऱ्यांत रेडिओ धड लागत नाही, आणि खरे सांगायचे तर मला बघायचेच नव्हते. शेवटी सेट आणि स्पीकर यांच्या मध्ये एक फिल्टर घालायचे ठरवले. तेवढाच सूर अडवायचा, बाकीचे जाऊ द्यायचे. इतके दिवस मी फक्त ती घरघर ऐकत होतो. वर कोण गात आहे, काय गात आहे, याच्याकडे माझा कानच नव्हता.

त्या दिवशी बाजार होता. सकू वाल विकून दुकानाच्या पायरीवर साखरशेतच्या जीपची वाट बघत बसली होती. साहेब गाडी न्यायला आले होते आणि तिच्यात बसले होते. फिल्टर घालण्याआधी मी त्यांना एकदा घरघर ऐकवली. सकू उठून उभी राहिली. तिने चपला काढल्या आणि गाडीजवळ आली.

"दादा, हा त आपले बाचा थाळ आहे," ती म्हणाली. "तू चपला काढ."

ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी लिहितो. काशाच्या थाळीत मधोमध मेण लावून त्यात सुकी काडी उभी रोवतात. कथा सांगणारा ओल्या बोटांनी ती काडी वरून खाली ओढत राहतो आणि थाळी घुमत राहते. त्या घुमण्यावर धान्याची आई कणसरी हिची कथा सांगतात, आणि माणूस गेला की त्याला पूर्वजांच्या वाटेला लावायलाही तीच थाळी लागते, याला थाळ लावणे म्हणतात. माझा बाप नवसू हा थाळकरी होता. आश्रमशाळेत मुले मला थाळ्या म्हणत. पाटीवर मी पी. एन. लिहिले ते बापाचे नाव लपवायच्या तेव्हापासूनच्या सवयीने.

सकूने खाली पाहिले. बापाची थाळी मोठा मुलगा म्हणून माझ्याकडे आलेली होती, आणि ती तिथेच, त्या लाल गाडीच्या चाकाशी होती. तिच्यात रॉकेल होते आणि रॉकेलात साहेबांच्या सीटचे बोल्ट भिजत होते. वर बाप गात होता आणि खाली त्याच्या थाळीत मी बोल्ट धुत होतो.

साहेब म्हणाले, "भोये, खरंच का?"

मी म्हणालो, "नाही साहेब, ती अडाणी आहे. डायनामोची घरघर आहे ती. काढतो मी."

गाडी बंद होती. डायनामो थंड होता. हे साहेबांच्याही लक्षात आले असेल, पण ते सभ्य माणूस, घड्याळात बघू लागले. सकूने चपला घातल्या आणि जीपची वाट न बघता चालत निघाली. मी तिला हाक मारली नाही. मी फिल्टर घातला. घरघर गेली. बापाचा आवाज कोरडा पडला, नाचणीच्या भाकरीखालून कोणी तवाच काढून घ्यावा तसा. साहेब थँक्यू म्हणाले आणि गेले. मला माझी इतकी किळस पूर्वी कधी आली नव्हती.

म्हणून या कलमाने नितीनला सांगतो. कामत साहेबांना फोन करावा. सीटमागच्या सागाच्या खोक्यात डाव्या हाताला काळी टेप गुंडाळलेला डबा आहे. तो काढून वायरी सरळ जोडाव्या. कोणीही जोडू शकेल, बाळ्यासुद्धा. आणि सांगावे की तो आवाज कॅसेटचाही नाही आणि डायनामोचाही नाही, ती माझ्या बापाची थाळी आहे. हे मीच सांगायला हवे. मी नंबर लावतो, गाडीची तब्येत विचारतो आणि ठेवतो.

६. काशाची थाळी सकूला. ऑपरेशनचे ठरल्यावर मी ती फडक्यात गुंडाळून साखरशेतला घेऊन गेलो होतो. अंगणात चपला काढल्या. जे म्हणायचे ठरवले होते ते म्हणता आले नाही. मी गेल्यावर माझ्यासाठी थाळ लावशील का, एवढेच विचारले. दाभोश्याचा माघ्या अजून गातो, तो बापाच्या मागे ओळ झेलायचा. तो येईल. पण थाळी बापाचीच हवी, आणि ती द्यायची की नाही हे सकूच्या हातात.

सकूने फडके सोडले आणि थाळी नाकाशी नेली.

"हिला रॉकेलचा वास येते," ती म्हणाली. "ह्या वासाला कणसरी येयाची नाय. घेऊन जा न घास. वास गेला का आण."

तिने मला चहा दिला. मी अडाणी म्हणालो त्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

तेव्हापासून मी रोज सकाळी दुकान उघडण्याआधी थाळी घासतो. राख झाली, चिंच झाली, लिंबू झाले. करिष्माने भांड्यांची पावडर आणून दिली, ती मी परत केली. काशाला रॉकेल इतके धरून राहते हे मला माहीत नव्हते.

७. मी नाशिकहून परत आलो तर पुढचे घासणे माझे. नाही आलो तर नितीनचे. त्याने नाक मुरडू नये, आजोबांची थाळी आहे. घासून झाली की साखरशेतला न्यावी, चपला अंगणाबाहेर काढाव्या आणि सकूच्या हातात द्यावी. ती वास घेईल. ती हो म्हणाली तर माघ्याला बोलवावे आणि थाळ लावावा. ती नाही म्हणाली तर लावू नये, तिला कोणी गळ घालू नये, आणि दुसरी थाळी विकत आणू नये. मी वाटेला लागलो नाही तरी चालेल, वाट बघेन. तिलाही मी वाट बघायला लावली आहे.

पाटीवर नवे नाव करिष्माने आपल्या मनाने घालावे. नवसू थाळकऱ्याचे नाव कुठे बसवता आले तर बसवावे. हा हुकूम नाही, विनंती आहे.

हा कागद माझ्या दुकानात साक्षीदारांसमोर वाचून दाखवला. सही करण्याआधी थाळी दोघांनाही हुंगायला दिली. दोघेही म्हणाले, काही वास येत नाही, पंढरीभाऊ. दोघेही माझ्या आजाराला घाबरून बोलले. याबाबतीत त्यांची साक्ष धरू नये, सकूचीच धरावी. वास आहे.

लिहून ठेवणार :
पंढरी, नवसू थाळकऱ्याचा मुलगा, भोये
(सही)

साक्षीदार :
१. हेमंत रामा गावित, निवृत्त शिक्षक, जव्हार (सही)
२. वर्षा काशिनाथ वातास, औषधांचे दुकान, जव्हार (सही)

ठिकाण : जव्हार, जिल्हा पालघर
तारीख : ९ फेब्रुवारी २०२५